मोर्नायचं नववं कलम

हरबाच्या मरणाचा आवाज शेवंती भिवाजीने स्वतःच्या कचेरीत, भर सकाळी, समोरची कॉफी गार होत असताना ऐकला.

तो ऐकवायला विद्यापीठातून नादिरा जुम्मन आली होती. नादिरा समुद्राच्या आवाजांवर संशोधन करायची. तिशीची, हात नाचवत बोलणारी मुलगी. आज मात्र हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"मॅडम, हे पंतप्रधानांकडे नेण्याआधी तुमच्याकडे आणलंय," ती म्हणाली. "तुम्ही परराष्ट्र सचिव आहात म्हणून नाही. 'जानकी'वर तुमचा भाऊ होता म्हणून."

हिंदी महासागराच्या नकाशावर मोर्नाय शोधायला भिंग लागतं. पाच बेटं, लाखाच्या आतली वस्ती, टूना मासे डबाबंद करणारा एकच कारखाना आणि पोर्त-सेल नावाची चिमुकली राजधानी. शेवंतीचे पूर्वज पाच पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून इथल्या उसाच्या मळ्यांवर आले. बोटीतून उतरताना गोऱ्या कारकुनाने आडनावाच्या जागी प्रत्येकाचं नावच लिहून टाकलं, म्हणून भिवाजी नावाच्या एका माणसाचं अख्खं घराणं 'भिवाजी' झालं. आता त्या घराण्यातली ही बाई देशाचं परराष्ट्र खातं चालवत होती. खातं म्हणजे धक्क्यावरच्या जुन्या कस्टम हाऊसचा वरचा मजला आणि डझनभर माणसं.

मोर्नायच्या एका अंगाला महासंघ या बड्या राष्ट्राचं आरमार फिरे, दुसऱ्या अंगाला त्याच्या वैरी पूर्वमंडलाचं. दोघांनाही मोर्नायचं बंदर हवं होतं. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही आणि कुणालाच पुरतं 'हो' म्हणायचं नाही, एवढ्यावर या देशाने स्वातंत्र्य टिकवलं होतं. शेवंतीची उमेदीची वर्षं त्यातच गेली होती.

सहा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाची मासेमारी बोट 'जानकी' दोन बेटांमधल्या खोल सामुद्रधुनीत बुडाली. हरबा आणि त्याचे तीन सोबती गेले. त्या दिवशी समुद्र ताटासारखा सपाट होता. महासंघाने मोठ्या मनाने आपलं चौकशी पथक पाठवलं. पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की जाळं पोवळ्यांच्या खडकात अडकलं आणि खलाशांच्या निष्काळजीपणामुळे बोट उलटली. तो अहवाल शेवंतीने याच खोलीत, उभं राहून, आभार मानून स्वीकारला होता.

"बेटांजवळून इंटरनेटची केबल जाते ना," नादिराने सांगायला सुरुवात केली, "तिच्यात काचेचे केसासारखे धागे असतात. त्यातून आम्ही प्रकाशाचे बारीक बारीक ठोके सोडतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म खोट असतेच. तिच्यावर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. आता समजा, समुद्रात कुठे आवाज झाला. त्याची लाट केबलवर आली की धागा तिथे किंचित ताणला जातो. किती किंचित? अणूच्या मापाने. पण तेवढ्याने परत येणाऱ्या प्रकाशाची लय बिघडते. ती कुठे बिघडली ते कळलं की आवाज कुठून आला ते कळतं. म्हणजे केबलच्या दर काही मीटरला एक कान."

"हे नवीन आहे?"

"कान जुने आहेत. भूकंपासाठी आम्ही कितीतरी वर्षं हे नोंदवून ठेवतोय. पण त्यात लाटा, जहाजं, देवमासे, सगळ्यांचा गुंता. सुताच्या गुंडाळीतून एकच धागा ओढून काढावा तसा त्यातला हवा तो आवाज वेगळा करता येत नव्हता. आता येतो. मागच्या महिन्यात आमच्या प्रणालीला ते जमलं. आणि मी पहिली तारीख कुठली तपासली असेल, सांगा."

तिने यंत्र सुरू केलं.

आधी 'जानकी'चं इंजिन. शेवंतीला ते ओळखू आलं, कारण बोट वडिलांच्या वेळची, आणि लहानपणापासून परतणाऱ्या त्या इंजिनाच्या ठसक्यावर त्यांच्या घरी भाताला आधण चढायचं. मग त्याच्या खालून एक जाडसर घरघर आली, संथ, अवजड, पुढे सरकणारी. मग जाळ्याचा पोलादी दोर ताणल्याची किंकाळी. इंजिन पूर्ण ताकदीने उलटं ओढायला लागलं, धापा टाकायला लागलं, आणि बंद पडलं. घरघर तशीच चालत राहिली. ना थांबली, ना मंदावली.

"पाणबुडी," नादिरा म्हणाली. "जाळं तिच्यात अडकलं. तिने बोट मागच्या मागे पाण्याखाली ओढली."

त्यानंतर ठोकण्याचा आवाज आला. लोखंडावर लोखंड. थोडं ठोकून थांबायचा, पुन्हा ठोकायचा. इंजिनाच्या खोलीत काम करणारा 'जानकी'वर एकच माणूस होता, हरबा. तो आवाज खोल खोल जात राहिला आणि मग आला नाही.

नादिरा रडत होती. शेवंती रडली नाही. तिने विचारलं, "कुणाची?"

"प्रत्येक पाणबुडीच्या पंख्याचा आवाज वेगळा असतो, आपल्या हस्ताक्षरासारखा. हीच पाणबुडी गेल्या वर्षी आपल्या शेजारच्या देशाच्या भेटीला वाजतगाजत आली होती. पेपरात फोटो होते. केबलने तेव्हाही तिला ऐकलंय. महासंघाची आहे. सहा वर्षांपूर्वी तिचा कप्तान होता एल्डन ट्रास्क. आता व्हाइस अॅडमिरल आहे, आपला अख्खा महासागर त्याच्या ताब्यात आहे."

शेवंतीने ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिलं.

---

हरबाची बायको कावेरी टूनाच्या कारखान्यात पाळीवरची मुकादम होती. दुपारी पाळी सुटल्यावर शेवंती तिला फाटकाशीच गाठून समुद्राकडच्या बांधावर घेऊन गेली आणि पाणबुडीचं सगळं सांगितलं. ठोकण्याचं तेवढं सांगितलं नाही.

कावेरी हाताला येणारा माशांचा वास पदराला पुसत राहिली. "म्हणजे ह्यांचा निष्काळजीपणा नव्हता," ती म्हणाली. "सहा वर्षं लोक माझ्या तोंडावर म्हणतात, हरबा दारू पिऊन बोट चालवायचा."

"नव्हता."

"बुडताना त्रास झाला असंल?"

"नाही. पटकन झालं सगळं."

"मग झालं तर. मला एवढंच हवं होतं, वन्सं. ते चारचौघांत सांगा आणि सोडून द्या. त्या लोकांशी आपण काय भांडणार?"

"भांडणार नाही," शेवंती म्हणाली. "मी त्यांच्याशी करार करणार आहे."

---

पंतप्रधान आंद्रे लाबोर्द एकेकाळी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी आवाज ऐकला, खिडकी बंद केली आणि बेटांवरच्या क्रिओल बोलीत म्हणाले, "शेवंती, हे आपण बाहेर काढलं तर ते म्हणतील, खोटं आहे, पूर्वमंडलाने पढवलंय. जग दोन दिवस हळहळेल. मग आपले मासे कोण घेणार? आपल्या डब्यांतले निम्मे त्यांच्याकडे जातात."

"म्हणून बाहेर काढायचं नाही. त्यांच्याकडून लिहून घ्यायचं."

"काय?"

"की ते तिथे नव्हतेच."

शेवंतीने समजावलं. मोठ्या राष्ट्राकडे आरमार असतं, पैसा असतो. लहान राष्ट्राकडे फक्त कायदा असतो, आणि तोही मोठ्याने स्वतःच्या सहीने दिलेला असेल तरच कामाचा. ते खोटं बोलतात ते आपल्याला लहान समजून, सहज, विचार न करता. तेच खोटं त्यांच्या गळ्यात बांधायचं.

"आणि हे तू देशासाठी करते आहेस?" लाबोर्दनी विचारलं.

"देशालाही उपयोगी पडेल," ती म्हणाली.

मोर्नायने केबलमधून समुद्र ऐकण्याची पद्धत शोधली आहे, एवढंच सरकारने जाहीर केलं. दोन्ही बडी राष्ट्रं धावत आली. पाणबुडीची सगळी किंमत ती कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसण्यात असते, आणि इथे तर एक चिमूटभर देश म्हणत होता की आम्हाला ऐकू येतं. महासंघाच्या राजदूताला शेवंतीने गोड शब्दांत सुचवलं, "वकील खूप झाले. समुद्र कळणारा एखादा माणूस पाठवा." त्यांनी ट्रास्कला पाठवलं.

तो साठीकडे झुकलेला, शांत, चांगल्या रीतीभातीचा गृहस्थ निघाला. शेवंतीने त्याला स्वतःच्या हाताने चहा दिला. तीन दिवस कलमांवर घासाघीस झाली. चौथ्या कलमात महासंघाला हवं होतं ते तिने देऊन टाकलं. महासंघाच्या कोणत्याही पाणबुडीविषयी ऐकू आलेली माहिती मोर्नाय कायम गुप्त ठेवील. राजदूत खूश झाला. मग तिने नवव्या कलमाचा मसुदा पुढे सरकवला. महासंघाची कोणतीही पाणबुडी मोर्नायच्या पाण्यात आजवर आलेली नाही आणि मोर्नायच्या परवानगीशिवाय येणार नाही.

"हे कशासाठी?" ट्रास्कने विचारलं.

"आमच्या कोळ्यांसाठी. 'जानकी'पासून लोक काहीबाही बोलतात. तुमच्या तोंडून एकदा आलं की गप्प बसतील."

ट्रास्कने पेन उचललं नाही. त्याची नजर टेबलाच्या कडेवर स्थिरावली. त्या क्षणी त्याने 'नाही' म्हटलं असतं, तर आपण काय केलं असतं हे शेवंतीला पुढेही कधी सांगता आलं नाही. पण राजदूत हसून म्हणाला, "एवढंच ना? हे तर आम्ही नेहमीच म्हणतो." आणि ट्रास्कने सही केली.

"फार दुर्दैवी अपघात होता तो," उठताना तो म्हणाला.

"हो ना," शेवंती म्हणाली आणि त्याला दारापर्यंत पोचवायला गेली.

---

करार लागू झाल्यावर मोर्नायच्या मासेमारी खात्याने फोनवर बघता येईल असा एक नकाशा सगळ्या जगाला खुला केला. पाण्याखाली जे काही मोठं, लोखंडी आणि निनावी फिरत असेल ते त्यावर लाल ठिपक्याने दिसे. जवळ आलं की कोळ्याचा फोन वाजे, जाळं वर ओढा.

महासंघाचा राजदूत तांबडालाल होऊन कस्टम हाऊसचा जिना चढला. "हा चौथ्या कलमाचा भंग आहे!"

"कसा?" शेवंतीने विचारलं. "चौथं कलम तुमच्या पाणबुड्यांबद्दल आहे. नवव्या कलमात तुम्ही लिहून दिलंय की तुमची एकही पाणबुडी इथे नाही. म्हणजे हे ठिपके तुमचे नाहीत. बेवारस आहेत. बेवारस धोक्याची सूचना दर्यावर्दींना देणं किनाऱ्यावरच्या कुठल्याही देशाचं कर्तव्यच आहे. यातला एखादा ठिपका तुमचा असेल तर सांगा. मी लगेच काढते."

राजदूत जिना उतरून गेला. 'तो आमचा' म्हणायचं तर सहीनिशी खोटं बोलल्याचं कबूल करावं लागणार होतं.

वादळांना देतात तशी त्या ठिपक्यांना नावं द्यायची असं ठरलं होतं. 'जानकी' बुडवणाऱ्या त्या घरघरीला काय नाव द्यायचं, हे नादिराने फोन करून विचारलं. शेवंतीने सांगितलं, "ट्रास्क."

नादिराची प्रणाली मोर्नायने शेजारच्या सात बेटराष्ट्रांना फुकट दिली. प्रत्येकाच्या दारातून कुठली ना कुठली केबल जात होती, आणि प्रत्येकाच्या मनात कुठलं ना कुठलं जुनं दुखणं होतं. बघता बघता अर्धा महासागर ऐकू यायला लागला. पूर्वमंडलाने आधी टाळ्या पिटल्या, मग त्यांच्याही पाणबुड्या नकाशावर उमटल्या तेव्हा तेही गप्प झाले. मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांनी शेवंतीला 'खुल्या समुद्राची आई' म्हटलं. लहान राष्ट्रांच्या तत्त्वनिष्ठेवर परिसंवाद झाले. ती ते वाचायची आणि घडी घालून बाजूला ठेवायची. तिला एकाच ठिपक्यात रस होता. तो कुठेही गेला तरी त्याचं नाव आठ देशांच्या कोळ्यांच्या फोनवर वाजे. शेवटी महासंघाने ती पाणबुडी परत बोलावून गोदीला बांधून ठेवली. ज्या पाणबुडीचा आवाज पोरासोरांच्याही ओळखीचा झाला ती कसली पाणबुडी!

महासंघाचा उलटा घाव यायचा तो आलाच. मोर्नायच्या टूनात 'आरोग्याला अपायकारक' काहीतरी सापडलं आणि डबे बंदरातून परत आले. आठवड्याचं औषधांचं विमान बंद झालं. कारखान्याला टाळं लागलं आणि कावेरीसकट दीड हजार बायका घरी बसल्या. एका सकाळी शेवंतीच्या पायरीवर कुणीतरी माशांची आतडी ओतून गेलं. तिने ती स्वतः धुतली.

मग एक दिवस लाबोर्दनी तिला बोलावलं. ते खूप थकलेले दिसत होते.

"ते कबूल करायला तयार आहेत," ते म्हणाले. "सगळं. जाहीर माफी मागतील, डबे पुन्हा घेतील. करार रद्द करायचा आणि नकाशा बंद करायचा. तुझ्या भावजयीसमोर सांगायला ट्रास्क स्वतः आलाय."

---

कावेरीच्या ओटीवर, उतरत्या उन्हात, चौघंजण बसले. ट्रास्कच्या अंगावर गणवेश नव्हता. महासंघाने सगळं त्याच्या एकट्याच्या माथी मारून मोकळं व्हायचं ठरवलं होतं आणि ते त्याला कळलेलं दिसत होतं. तो इंग्रजीत बोलत होता. कावेरीला मराठी आणि क्रिओलच येई, त्यामुळे शेवंती एकेक वाक्य तिला मराठीत सांगत होती.

"जाळं अडकल्याचं मला लगेच कळलं होतं. वर आलो असतो तर ती माणसं वाचली असती. पण आम्ही तिथे असणंच गुपित होतं. कुठल्याही परिस्थितीत दिसायचं नाही, असा हुकूम होता. मी आणखी खोल जायला सांगितलं."

शेवंतीने ते जसंच्या तसं सांगितलं. तिचा आवाज हलला नाही.

पुढचं वाक्य ट्रास्क बोलला आणि शेवंती थांबली.

कावेरीने तिच्याकडे पाहिलं. "पुढं काय म्हणाला?"

शेवंती गप्प.

"वन्सं, सांगा."

"तो म्हणतोय," शेवंती म्हणाली, "बोट खाली जात होती तेव्हा आतून कुणीतरी ठोकत होतं. पुष्कळ वेळ. आवाज ऐकणाऱ्या त्याच्या माणसाने शेवटी कानावरचं यंत्र काढून ठेवलं."

लाबोर्दनी मान खाली घातली. कावेरी ट्रास्ककडे बघतच नव्हती.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती शेवंतीला म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं, त्रास झाला का. तुम्ही म्हणालात, पटकन झालं."

"तुला कशाला सांगायचं होतं ते?"

"हा परका माणूस, मारेकरी, दर्या ओलांडून मला सांगायला आला. आणि माझ्या नवऱ्याचं ठोकणं तुम्ही मनात दाबून ठेवलंत, एकटीनं, सूड घ्यायला." कावेरी उठली. लाबोर्दांकडे वळून क्रिओलमध्ये म्हणाली, "साहेब, माझं ऐकून झालंय. त्यांची माफी घ्या. कारखाना उघडा. बायकांची पोरं उपाशी आहेत."

ट्रास्कने शेवंतीकडे पाहिलं. "बाई, एक विनंती आहे. नकाशावरचं ते नाव... माझ्या मुलीचं, नातीचंही तेच आडनाव आहे. त्या शाळेत जातात, बाजारात जातात."

"माझ्या भावाला सहा वर्षं दारुडा म्हणत होते," शेवंती म्हणाली. "तुमच्याच अहवालामुळे."

"मी त्याचीही माफी मागेन."

"मागा. मागून तुम्ही घरी जाल."

लाबोर्द उठून उभे राहिले. "शेवंती, तहाच्या कागदांवर परराष्ट्र सचिवाची सही लागते."

"मग नवा सचिव नेमा," ती म्हणाली. गळ्यातलं खात्याचं ओळखपत्र काढून तिने त्यांच्या हातात दिलं आणि ओटीच्या पायऱ्या उतरून गेली.

---

माफी चौकात वाचली गेली. हरबा आणि त्याच्या तीन सोबत्यांची नावं महासंघाच्या मंत्र्याने जमेल तशी उच्चारली. शेवंती गेली नाही. करार रद्द झाला, मोर्नायचा नकाशा बंद झाला, कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजायला लागला. तिच्या जागी आलेल्या माणसाने दोन्ही बड्या राष्ट्रांशी पूर्वीसारखंच अर्धं 'हो' आणि अर्धं 'नाही' सुरू केलं, आणि ते शहाणपणाचंच होतं. फक्त बाकीच्या सात बेटांवर तह बंधनकारक नव्हता. त्यांचे नकाशे चालू राहिले. त्यांना कुणी बंद करा म्हटलं तर ते विचारत, त्यातलं तुमचं कुठलं?

ती पाणबुडी पुन्हा समुद्रात उतरली नाही. गोदीतच तिचे तुकडे झाले. ट्रास्कची पदकं काढून घेतली, आणि तो कुठल्याशा खेड्यात राहतो असं नादिराने ऐकलं होतं.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी कावेरी आली. ओटीवरच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. तिने पिशवीतून सुकटीचं वाडगं काढून ठेवलं आणि खुर्चीच्या कडेवर बसली. दोघी कारखान्याचं बोलल्या, दुसऱ्या पाळीच्या नव्या मुकादमाचं बोलल्या. मग कावेरी म्हणाली, "तिकडं बांधावर पोरं काय बोलतात, ऐकलंत? जाळ्याला खालून हिसका बसला की म्हणतात, ट्रास्क लागला. बारकी पोरं हो. त्यांना ठाऊकही नाही तो कोण ते."

"ऐकलंय."

"क्रिओल लोकसुद्धा म्हणतात आता."

"हो."

कावेरीने तिचा चेहरा न्याहाळला. शेवंती फार म्हातारी दिसायला लागली होती. तिच्याकडे आता कुणी येत नव्हतं आणि तीही कुणाची वाट बघत नव्हती.

"मला रात्री ते ठोकणं ऐकू येतं," कावेरी म्हणाली. "पण मी त्या माणसाला मनातून काढून टाकलंय. नाहीतर जगता येईना. तुम्ही सुटलात का, वन्सं?"

शेवंतीने सुकटीचं वाडगं हातात घेतलं, हुंगलं, आणि झाकून फळीवर ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "पण तोही सुटला नाही."